स्मृतीची जबानी

चिं. वि. जोशी यांच्या चरित्रातली एक गोष्ट त्यांच्या विनोदाइतकीच ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चिमणराव आणि गुंड्याभाऊ या मावसभावांना मराठी घराघरांत कायमचे बिऱ्हाड मिळवून देणारा हा लेखक उपजीविकेसाठी बडोदे संस्थानच्या दप्तरखात्यात जुने कागद सांभाळीत असे आणि व्यासंग म्हणून पाली ग्रंथांचे संपादन करीत असे. अस्सल कागद कोणता व नक्कल कोणती, कोणत्या मजकुरावर पुढची वहिवाट उभी राहू शकते आणि कोणता मजकूर नुसता ऐकीव, याची रोज शहानिशा करणाऱ्या माणसाने आपल्या कथा सांगण्यासाठी मात्र असा निवेदक निवडावा की ज्याच्या एकट्याच्या जबानीवर कोणत्याही कचेरीने निवाडा देऊ नये, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याने आयुष्यभर दप्तर पाहिले त्यालाच माणसाच्या घडण्यात आणि सांगण्यात किती अंतर पडते हे पुरते ठाऊक असते. आणि त्या अंतराकडे क्रोधाने न पाहता करुणेने पाहण्याची सवय त्याला पाली सुत्तांच्या सहवासात लागली असावी असे मी मानतो.

चिमणराव आपली हकीकत आपणच सांगतो. तो भित्रा आहे, कारकुनी पेशाचा आहे, चारचौघांत आपले हसे होऊ नये म्हणून जिवाचा आटापिटा करणारा आहे. परंतु स्वतःच्या लेखी तो विवेकी, व्यवहारदक्ष आणि प्रसंगी धैर्यवानही आहे, आणि जे जे तो आपल्या बाजूचे म्हणून मांडतो ते ते वाचकाच्या मनात नेमके त्याच्या विरुद्ध रुजू होत जाते. त्याच्या सांगण्यात लबाडी नाही. त्याला स्वतःविषयी जी समजूत आहे तिच्याशी तो प्रामाणिक आहे, आणि ती समजूतच चुकीची आहे. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने हा चिमणराव पडद्यावर आणला, दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले, तेव्हा पुस्तकातल्या या व्यवस्थेत एक सूक्ष्म फरक पडला. पुस्तकात चिमणरावाच्या शब्दांपलीकडे पाहण्याचे काम वाचकाला स्वतः करावे लागे. पडद्यावर त्याच्या डोळ्यांतली भीती, शेजारी उभ्या असलेल्या पत्नीच्या, काऊच्या, चेहऱ्यावरचा समजूतदारपणा, गुंड्याभाऊची वळलेली मूठ, हे सगळे त्याच्या परवानगीवाचून आपल्यासमोर येऊ लागले. सांगणारा एक आणि पाहणारा दुसरा, अशी फाळणी झाली. वेदान्त्यांनी कर्तृत्वाचा अभिमान धरणाऱ्या अहंकाराहून निराळा असा जो साक्षी मानला आहे, त्याच्या जागी घटकाभर आपल्या दिवाणखान्यातला प्रेक्षक जाऊन बसला.

जगभरच्या विनोदी मालिकांनी पुढे या फाळणीवर आपापल्या रीतीने घरे बांधली. ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकन मालिकेच्या १९७३ सालच्या एका भागात घरातले शीतकपाट दुरुस्त करायला दोन माणसे येऊन गेल्याची हकीकत सासरा एक सांगतो आणि जावई दुसरीच सांगतो. आलेल्या दोघांपैकी जो कृष्णवर्णीय मदतनीस, तो सासऱ्याच्या आठवणीत चाकू बाळगणारा दांडगट होतो आणि पुरोगामी जावयाच्या आठवणीत लाचार, दबलेला जीव होतो. शेवटी सासूबाई घडले ते जसेच्या तसे सांगतात, आणि त्यात तो मदतनीस कोणाही माणसासारखा साधा माणूस असतो. ‘हाऊ आय मेट युवर मदर’ या २००५ ते २०१४ या काळातल्या मालिकेत एक बाप आपल्या दोन मुलांना पंचवीस वर्षांपूर्वीच्या तारुण्याची कथा ऐकवतो. मुलांसमोर नशेचे नाव घेऊ नये म्हणून त्या जागी तो खाद्यपदार्थ घालतो, एका मुलीचे नाव विस्मृतीत गेले म्हणून तिथे निरर्थक अक्षरे घालतो, आणि एक प्रसंग अमुक वाढदिवसाला घडला असे सांगून पुढे तो त्यानंतरच्या वर्षीचा होता अशी स्वतःच दुरुस्ती करतो. कुरोसावाच्या १९५० सालच्या ‘राशोमोन’ चित्रपटात एकाच घटनेच्या विसंगत जबान्या ऐकून मनुष्यजातीवरचा विश्वास डळमळतो. विनोदी मालिकेत तशाच विसंगत जबान्या ऐकून आपण त्या माणसांच्या अधिक जवळ जातो. असे का व्हावे, हा प्रश्न मला साहित्याच्या प्रांतातला वाटत नाही. तो धर्माच्या प्रांतातला आहे.

कारण सत्याविषयी आपली शास्त्रे ढिलाई करीत नाहीत. पतंजलींच्या यमांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य येते; बुद्धाच्या पंचशीलात मृषावादापासून दूर राहण्याची प्रतिज्ञा आहे. मग जो माणूस आपल्या आठवणीला रोज थोडीथोडी वाढवून सांगतो, त्याचे आपण काय करावे? वाढवून सांगितलेली आठवण हे असत्य आहे काय, आणि असल्यास त्या असत्याचे पाप कशाने मोजावे?

स्मृतीच्या बाबतीत आपल्या दर्शनकारांनी आरंभीच एक सावधगिरी बाळगली आहे, आणि ती आजच्या वाचकाला ठाऊक असावी अशी माझी इच्छा आहे. नैयायिकांनी ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग केले आणि प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञानाचा मान, अनुभवालाच देऊन स्मृतीला त्या पंक्तीबाहेर बसवले; कारण स्मृती जे दाखवते ते तिचे स्वतःचे नसते, पूर्वी येऊन गेलेल्या अनुभवाच्या संस्कारातून ते उसने आलेले असते, आणि उसन्या धनावर स्वतंत्र पत उभी राहत नाही. पतंजलींनी स्मृतीचे लक्षण सांगताना अनुभवलेला विषय चोरीला न जाणे असा अर्थ योजला आहे. चोरीची ही कल्पना फार मार्मिक आहे. विस्मरणाने जे जाते ते हळूहळू झिजून जाते, पण अहंकाराने जे जाते ते रातोरात जाते आणि त्याच्या जागी दुसरेच काही ठेवलेले असते, त्यामुळे धन्याला चोरीचा पत्ताही लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची जी कठोर झडती घेतली ती याच चोरीच्या संशयाने. बखरकाराच्या रसाळ कथनापेक्षा समकालीन पत्राचा एक रुक्ष चिटोरा त्यांना अधिक मोलाचा वाटला. इतिहासकाराने तसेच वागले पाहिजे याविषयी दुमत नाही. परंतु आपण सगळे इतिहासकार नाही, आणि आपल्या घरांतून जे आजोबा व ज्या आज्या बोलत असतात त्यांच्यापुढे राजवाड्यांची तराजू घेऊन बसणे हेही धर्माचरण नव्हे.

नाशकात राहणाऱ्याला हा प्रश्न पावसाळ्यात दरसाल भेटतो. इथे गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. आणि गंगेला पूर आला की रामकुंडाच्या बाजूला नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हीच साऱ्या गावाची मोजपट्टी होते. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीशी आले, या भाषेत वार्ता गल्लोगल्ली पसरते, आणि त्या प्रत्येक वार्तेबरोबर एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर १९६९ चा महापूर पुन्हा एकदा चढू लागतो. तो पूर खरोखरच मोठा होता. परंतु ज्यांनी तो तारुण्यात पाहिला त्यांच्या तोंडून तो जसजसा पुढच्या पिढ्यांकडे आला तसतसे त्याचे पाणी एकेक पायरी वर आले. २००८ साली गंगेला पुन्हा तसाच मोठा पूर आला तेव्हा नव्या पिढीलाही आपली स्वतःची हकीकत मिळाली, आणि तीही आता वाढीला लागली आहे. मारुती मात्र तितक्याच उंचीचा आहे. नारोशंकराच्या देवळावरची घंटाही तिच्या जागीच आहे. ज्या गावाने आपल्या नदीत एक मूक साक्षीदार उभा करून ठेवला आहे, त्या गावातल्या वृद्धांनी पूर थोडा वाढवून सांगितला तर त्यात फसवणूक कोणाची होते? ऐकणाऱ्याला मारुती ठाऊक असतो, सांगणाऱ्यालाही ठाऊक असतो, आणि पाण्याच्या त्या चार अधिक पायऱ्यांत पाण्याचे माप नसून त्या रात्री उरात भरलेल्या भयाचे माप आहे, हे दोघांनाही कळत असते.

तथापि प्रेमाने आणि शोकाने वाढवलेल्या आठवणीचा सर्वांत मोठा दाखला पाहायचा असेल तर गावाबाहेर दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात त्या लेण्यांत गेले पाहिजे. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा शिलालेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणे भिक्षुसंघाला दान दिले आणि त्या दानपत्रात आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन कोरवले. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. शक, यवन आणि पह्लव यांचा त्याने नाश केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला. पराक्रमात तो राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्या तोलाचा, तेजात नहुष, सगर, ययाती, अंबरीष यांच्या तोलाचा. त्याच्या संग्रामात वारा, गरुड, सिद्ध, यक्ष, गंधर्व, चंद्र, सूर्य, नक्षत्रे असे सारे सामील झाले. या विराट वर्णनाच्या मध्येच, जणू ओघात, तो आईच्या सेवेत कधी कमी पडला नाही असेही ती सांगून जाते. आणि स्वतःविषयी काय सांगते? सत्यवचन, दान, क्षमा आणि अहिंसा यांत आपण रत आहोत, असे.

मी या लेखासमोर उभा राहतो तेव्हा हे दोन्ही दावे एकाच हाताने एकाच भिंतीवर कोरले आहेत याचा मला विसर पडत नाही. ज्या स्त्रीने आपल्या गुणांत सत्यवचनाला पहिले स्थान दिले तिनेच आपल्या मुलाच्या लढाईत चंद्रसूर्यांना उतरवले, आणि यात काही विसंगती आहे असे तिला वाटले नाही. तिला सत्य म्हणजे काय हे कळत नव्हते असे म्हणावे तर त्याच लेण्यात तिचा दुसरा लेख आहे, आणि तो अगदी महसुली कचेरीत शोभणारा आहे. गौतमीपुत्राच्या चोविसाव्या राज्यवर्षातल्या त्या आज्ञापत्रात राजा आणि राजमाता गोवर्धनच्या अमात्याला कळवतात की भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत पडीक आहे, गावही ओस आहे, सबब त्याच्या बदल्यात दुसरी शंभर निवर्तने जमीन द्यावी. किती नेमके, किती कोरडे बोलणे! त्या लेखात तिचा उल्लेख जिचा पुत्र हयात आहे अशी राजमाता असा येतो. नंतर पुत्र गेला, नातू गादीवर बसला, त्याच्या राज्याची एकोणीस वर्षे उलटली, आणि मग तिच्या आठवणीतून तो तीन समुद्रांचा मुलगा बाहेर आला. मुलगा डोळ्यांसमोर होता तोवर तिला निवर्तने मोजता येत होती. तो गेल्यानंतर जे उरले ते मोजण्याचे कोणतेच माप तिच्यापाशी नव्हते.

त्याच डोंगरावर दहाव्या लेण्यात तिच्या वैऱ्याच्या घरचाही आवाज आहे. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादी तिथे कोरली आहे: तीन लक्ष गायी दिल्या, दरवर्षी लक्ष ब्राह्मणांना भोजन घातले, ठायी ठायी घाट बांधले, नद्यांवर नावा ठेवल्या. लक्ष ब्राह्मणांच्या पंगतीचा हा आकडा शब्दशः घ्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच लेण्यात त्याचा दुसरा हिशेबही आहे: गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव ठेवली, त्यांतले दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने, पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यावेत. हा हिशेब आजही कागदावर मांडून पाहता येतो. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंना बारा-बारा वाटले तर दोनशे चाळीसच. एक कार्षापण इकडचा तिकडे होत नाही. लक्षाची पंगत सांगणारा माणूस वीस भिक्षूंच्या वस्त्रांत मात्र दमडीची चूक करीत नाही, ही गोष्ट मला अतिशय आश्वासक वाटते. जिथे दुसऱ्या कोणाच्या अंगावरचे कापड आपल्या शब्दावर अवलंबून आहे तिथे त्याचा शब्द काटेकोर आहे, आणि जिथे केवळ स्वतःच्या पुण्याचे वर्णन आहे तिथे तो सैल सुटला आहे.

गौतमी बलश्रीच्या जबानीला पुढे अठराशे वर्षांनी एक साक्षीदारही मिळाला. १९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी, आणि त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. क्षहरातांचा पाडाव झाला हे आईचे म्हणणे त्या नाण्यांनी शाबीत केले. चंद्रसूर्य लढाईला आले की नाही याविषयी नाणी काही बोलत नाहीत, आणि बोलण्याची गरजही नाही. पण त्या नाण्यांची दुसरी एक खूण मला अधिक मोलाची वाटते: नव्या छापाखाली अनेकदा नहपानाचे मुख ओळखता येते. तशीच उषवदाताची लेणीतली अक्षरेही कोणी छिन्नीने उडवली नाहीत. जेत्याच्या आईची अतिशयोक्ती आणि जिताच्या जावयाची अतिशयोक्ती एकाच डोंगराच्या कुशीत, हाकेच्या अंतरावर, दोन हजार वर्षे शेजारधर्माने नांदली.

मीमांसकांनी या प्रकारच्या वाक्यांसाठी फार पूर्वी एक स्थान करून ठेवले आहे. वेदात विधिवाक्यांच्या भोवती जी स्तुतीची वाक्ये येतात त्यांना त्यांनी अर्थवाद म्हटले. यज्ञातला खांब हाच सूर्य आहे असे वाक्य आले तर ते प्रत्यक्षाच्या विरुद्ध आहे हे मीमांसकाला दिसते. पण म्हणून तो त्याला खोटे ठरवत नाही आणि डोळे मिटून खरेही मानत नाही. त्या खांबाच्या तेजस्वितेची ही स्तुती आहे असे तो म्हणतो, आणि मग विचारतो की ही स्तुती कोणत्या कर्तव्याकडे माणसाला वळवते. अर्थवादाचे प्रामाण्य त्याच्या स्वतःच्या शब्दार्थात नसते, ज्या विधीला तो चिकटलेला आहे त्या विधीत असते. आमच्या ब्रह्मपुराणातले गौतमीमाहात्म्य अशाच वाक्यांनी भरलेले आहे. गंगेच्या काठावरच्या एकेका तीर्थाला जी फलश्रुती जोडली आहे तिची बेरीज करू पाहणाऱ्याला काहीच लाभणार नाही, पण नदीपाशी नम्रतेने उतरावे हा विधी त्या सगळ्यातून वाहतो. गौतमी बलश्रीच्या लेखाखाली पावसाळ्यात भिक्षूंना डोक्यावर छत मिळावे हा विधी आहे. ओसरीवरच्या आजोबांच्या महापुराखाली, पाणी चढू लागले की नदीकडच्या उतरत्या गल्लीत पाऊल टाकू नकोस, हा विधी आहे. पंचवीस वर्षांपूर्वीची कथा मुलांना सांगणाऱ्या त्या अमेरिकन बापाच्या अडखळत्या, दुरुस्त केलेल्या, सोयीने झाकलेल्या आठवणींखालीही, तुमच्या आईपर्यंत पोचण्यासाठी मला किती वाट चालावी लागली हे जाणून तिच्याकडे पाहा, असे काहीसे सांगणे आहे. ज्या अतिशयोक्तीखाली असा विधी सापडतो तिला मी असत्य म्हणायला तयार नाही. भामहासारख्या जुन्या आलंकारिकाने तर साऱ्या अलंकारांच्या मुळाशी अतिशयोक्तीच आहे असे मानले; माणसाच्या आठवणीलाही अलंकारांचा हक्क आहे.

पण प्रश्न इथे मिटत नाही. अतिशयोक्तीला माफी देताना आपण तिच्या बहिणीला, म्हणजे वगळून सांगण्याला, त्याच दाराने आत घेतो की काय, याची मला धास्ती वाटते. आणि ही धास्ती निर्माण करणारी कथाही नाशकातलीच आहे.

पंचवटीत शूर्पणखेचे नाक कापले गेले, या घटनेशी गावाचे नाव लोकांनी जोडले आहे. वाल्मीकींच्या अरण्यकांडात घडलेले असे: तिने रामाची अभिलाषा धरली, नंतर लक्ष्मणाची, दोघांनी तिची थट्टा केली, ती सीतेवर धावून गेली, आणि लक्ष्मणाने तिला विद्रूप केले. ती रावणाच्या दरबारात गेली तेव्हा तिने जी फिर्याद सांगितली तीत या अभिलाषेचा उच्चारही नाही. सीतेला तुझी भार्या म्हणून आणायला मी उद्युक्त झाले होते, तेव्हा लक्ष्मणाने माझी ही दशा केली, असे ती भावाला सांगते. तिच्यावर क्रौर्य झाले हे खरे आहे, आणि त्याबद्दल मला तिच्याविषयी कणव वाटते. पण तिच्या जबानीतून ती स्वतः नाहीशी झाली आणि तिथे सीता येऊन उभी राहिली. ज्या स्त्रीने या सगळ्यात काहीच केले नव्हते, जी त्या दरबारात हजर नव्हती, जिला एका शब्दाचेही उत्तर देता येत नव्हते, तिच्या माथ्यावर सगळ्या प्रकरणाचे ओझे पडले. शूर्पणखेने फक्त एक गोष्ट गाळली आणि एक गोष्ट तिच्या जागी बसवली. तीन समुद्र प्यायलेल्या घोड्यांपेक्षा ही लहानशी अदलाबदल कितीतरी भयंकर ठरली.

योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात सत्याची व्याख्या करताना असे म्हटले आहे की वाणी ही प्राणिमात्रांच्या उपकारासाठी असते. तिने घात होत असेल तर ते सत्य वाटले तरी सत्य नव्हे. या कसोटीत मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडते. आठवण किती फुगली हे गौण आहे. जो त्या वेळी गैरहजर आहे त्याच्यावर तिचा भार पडतो की काय, हे मुख्य आहे. विनोदी मालिकेतल्या निवेदकाला आपण क्षमा करतो, कारण त्याच्या घरात गैरहजर कोणी नसते. चिमणरावाला खोडून काढायला काऊ आहे, गुंड्याभाऊ आहे, मुले आहेत. पुढे ‘अनुदिनी’ या पुस्तकातल्या टिपरे कुटुंबात, जे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेने २००१ सालापासून घरोघर नेले, आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, म्हणण्याला घरातल्या प्रत्येकाचे आपापले म्हणणे जोडलेले होते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कोणाचीही थाप संध्याकाळच्या चहापलीकडे टिकत नाही. उलट त्या १९७३ च्या अमेरिकन भागात सासरा आणि जावई आयुष्यभर एकमेकांच्या मतांशी झगडले असले तरी ज्याचे चित्र दोघांनी विद्रूप केले तो मदतनीस घरातून निघून गेलेला होता, त्याला उलट बोलायला जागा नव्हती. आणि म्हणूनच तिथे सासूबाईंनी तोंड उघडणे हे मला केवळ विनोदी रचनेचे कौशल्य वाटत नाही, ते धर्मकृत्य वाटते. रावणाच्या दरबारात शूर्पणखेला थांबवून, बाई, तू सीतेला प्रथम पाहिलेस ते कोणत्या प्रसंगी, एवढे विचारणारे माणूस त्या क्षणी पुढे आले नाही.

गौतम ऋषींची कथा मी या संदर्भात अनेकदा मनाशी घोळवतो. शिवपुराणानुसार इतर ऋषींनी मत्सराने त्यांच्या शेतात एक मायेची गाय पाठवली. त्यांनी तिला गवताच्या काडीने हाकलले आणि ती मेली. गाय खरी नव्हती, हत्या खरी नव्हती, आणि आरोप करणाऱ्यांना हे ठाऊक होते. न्यायसूत्रांच्या कर्त्याचेही नाव गौतमच आहे. प्रमाणांची एवढी छाननी ज्या नावाने झाली त्याच नावाचा एक ऋषी या कथेत आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या, पण न घडलेल्या पापाचा दोष निमूटपणे स्वीकारतो, ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालतो, तप करतो, आणि गंगा खाली येते. त्यांनी आपल्या आठवणीत भर घातली ती स्वतःच्या विरुद्ध, कोणाचाही दोष वाढवला नाही. अशी जबानी पुराणातसुद्धा दुर्मीळ आहे.

व्यक्तीला जे लागू ते गावालाही लागू आहे, कारण गावही आपली आठवण सांगत असते. पंचवटीतले काळारामाचे पाषाणी मंदिर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सरदार रंगराव ओढेकरांनी बांधले. त्याच्या शिल्पाचे, त्याच्या रथोत्सवाचे वर्णन नाशिककर अभिमानाने करतात, थोडे वाढवूनही करतात, आणि त्याला माझी हरकत नाही. परंतु २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे मैलभर लांबीची मिरवणूक याच मंदिराकडे आली तेव्हा दरवाजे बंद करून घेतले होते. त्या वर्षी रामनवमीच्या रथाच्या दिवशी दगडफेक झाली. भाऊराव गायकवाड आणि त्यांचे सहकारी पुढे कित्येक वर्षे हा लढा चालवीत राहिले. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, या आशयाची घोषणा केली. एवढा मोठा मजकूर मंदिराच्या वर्णनातून पिढ्यान्‌पिढ्या गळत आला, आणि गाळणाऱ्यांपैकी कोणीही आपण असत्य बोललो असे मानले नसेल. त्यांनी एकही शब्द फुगवला नव्हता.

त्या सत्याग्रहात आपला पणजा अगदी पुढच्या रांगेत होता, त्याने मंदिराच्या दाराला हात लावला होता, असे सांगणारा कोणी तरुण मला भेटला तर मी त्याच्याकडे पुरावा मागणार नाही. ती रांग त्याच्या घरात दरसाल थोडी पुढे सरकली असेल तर सरकू दे. त्या दिवशी बंद दरवाजाच्या आतल्या बाजूला जे उभे होते, त्यांच्या नातवंडांना घरी या दिवसाची कोणती हकीकत सांगितली गेली, आणि ती विचारायला त्यांच्यापैकी कोणाला कधी सुचले काय, हे मात्र मला त्यांच्या ओसरीवर बसून विचारायचे आहे.